वडिलांच्या नावची जप्ती

माणूस एकदा गेला की सगळ्या देण्याघेण्यातून मोकळा होतो. त्याला कुणी जाब विचारू शकत नाही, त्याच्यावर कुणी नोटीस बजावू शकत नाही, आणि मृत्यूची थोरवी म्हणतात ती हीच. नगरपालिकेला मात्र ही थोरवी कुणी कळवली नव्हती. कळवायची तर तिन्ही वारसांनी मिळून एका अर्जावर सह्या करायला हव्या होत्या, आणि या घरातल्या तिघांची नावं एका कागदावर आली होती ती फक्त कोर्टात, एकमेकांविरुद्ध.

त्यामुळे वडील वारून दहा-बारा वर्षं झाली तरी घरपट्टीचं बिल त्यांच्याच नावानं येत राहिलं. पहिली काही वर्षं त्यात विनंती असायची. मग विनंतीची सूचना झाली, सूचनेची ताकीद झाली, आणि गेल्या खेपेला तर 'आपण हेतुपुरस्सर टाळाटाळ करीत आहात' असं वडिलांना तोंडावर सुनावलेलं होतं. वडील हयात असताना त्यांच्याशी या सुरात बोलायची कुणाची छाती झाली नसती.

पैसे नव्हते म्हणून घरपट्टी थकली असं कुणी म्हटलं तर तो या घराचा अपमान होईल. थोरले विमा कंपनीतून साहेब म्हणून निवृत्त झाले होते. धाकटे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते आणि करव्यवस्थेवर वर्तमानपत्रात पत्रं लिहीत होते. थोरल्यांचं म्हणणं असं, की मी भरली तर घर वाचणार, आणि घर वाचलं की धाकट्याचा वाटा फुकटात वाचणार. धाकट्यांचं म्हणणं अक्षरशः हेच होतं, फक्त त्यात 'धाकट्या'च्या जागी 'दादा' होता. दोघांच्या मध्ये जन्मलेली एक बहीण होती. तिला घरात आणि गल्लीत सगळे मधलीच म्हणत. एका वर्षी तिनं कंटाळून सांगून टाकलं, की मी भरते आणि विषय मिटवते. आठवड्याच्या आत दोन वकिलांच्या दोन नोटिसा तिच्यापुढे येऊन पडल्या. कर भरून घरावर मालकी सांगायचा तिचा डाव आहे, असं दोन्हींत लिहिलं होतं. एकमेकांचं तोंडही न बघणाऱ्या दोन भावांना एकच गोष्ट एकाच वेळी सुचावी, याला रक्ताचं नातं म्हणत असावेत, असं मधलीच्या मनात आलं. पैसे तिनं परत बँकेत टाकले.

घर म्हणजे मागे दोन भावांचे दोन संसार आणि पुढे रस्त्याला लागून मधलीची खोली. पूर्वीचा मोठा दिवाणखाना मधोमध प्लायवूडचा पडदा घालून वाटला होता. हा पडदा ज्या भिंतीला जाऊन भिडला होता त्या भिंतीवर नेमकं वडिलांचं घड्याळ होतं. घड्याळ हलवायचं नाही असा कोर्टाचा मनाई हुकूम, म्हणून सुतारानं पडदा घड्याळाच्या पोटापर्यंत आणून थांबवला. तेव्हापासून थोरल्यांकडे सहा ते बारा वाजत आणि धाकट्यांकडे बारा ते सहा. दुसऱ्याच्या वाट्याची चावी कुणी भरेना, म्हणून ते पुढे बंदच पडलं, पण हुकूम चालू होता.

पुढच्या खोलीत वडिलांनी चष्म्याचं दुकान काढलं होतं आणि आता ते मधली चालवत होती. भिंतीला अक्षरांचा तक्ता, टेबलावर नंबर काढायच्या भिंगांची पेटी, आणि खिडकीशी काचा घासायचं यंत्र. ओतीव लोखंडाचं धूड, त्यात पाण्याच्या पन्हाळीत फिरणारं घासचाक. गोल काच त्यावर धरली की ती फ्रेमच्या आकाराची होऊन बाहेर यायची. वडिलांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी मधलीचा हात धरून त्या चाकावर ठेवला आणि म्हणाले, "आता हे तुझं." तेव्हा खोलीत तिसरं माणूस नव्हतं. वाटणीच्या दाव्यात दोन्ही भावांनी लिहून दिलं होतं, की यंत्र वडिलांचं, त्यात आमचा एकेक तृतीयांश, आणि बहीण ते वापरते त्याचं आजवरचं भाडं आम्हाला मिळावं. यंत्र वाटायचं म्हणजे मोडीत काढून पैसे वाटायचे. ते गेलं की मधलीकडे एक तक्ता उरणार होता, आणि तक्ता वाचून पोट भरत नाही.

बेलीफ आला त्या सकाळी मधली त्याच यंत्रावर एक काच घासत होती. समोरच्या बाकावर शाळेतले एक मास्तर चष्म्याची वाट बघत, डोळे बारीक करून बसले होते. बेलीफ उंच, वाळका, बगलेत फाईल. मागे दोन हमाल आणि दारात हातगाडी. त्यानं फाईल उघडून वडिलांचं पूर्ण नाव वाचलं.

"इथंच राहतात का?"

"इथंच राहायचे," मधली म्हणाली.

"घरात आहेत?"

"आहेत की. फोटोत."

बेलीफानं फोटोकडे पाहिलं, फाईलकडे पाहिलं. "मयत?" त्यानं विचारलं.

"बरीच वर्षं झाली."

"आम्हाला कुणी बोललं नाही."

"तुम्ही त्यांनाच पत्रं टाकत होतात ना? मग त्यांनी सांगायला हवं होतं."

बेलीफ या धंद्यात मुरलेला होता. त्याला यापेक्षा खोचक बोलणं रोज पोटभर ऐकायला मिळत असे. त्यानं बाकावरच टेकून कागद काढला आणि पंच म्हणून दोन माणसं मागितली. एक समोरचा इस्त्रीवाला आला, हातातला शर्ट तसाच घेऊन. दुसरे मास्तर आयते हजर होते.

"अहो, पण मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही," मास्तर म्हणाले.

"पंचानं हजर असायचं असतं, मास्तर. दिसण्याची अट नाही."

एवढ्यात मागच्या दारातून थोरले आले आणि बोळातून धाकटे आले. एकच दार वापरायचं नाही, असा दोघांचा न बोलता झालेला करार होता. थोरले बेलीफाला म्हणाले, "हे बघा साहेब, जे काय न्यायचं ते त्या बाजूनं न्या. वडिलांचं सगळं त्या बाजूला आहे."

धाकटे हमालाकडे बघत म्हणाले, "यांना सांगा, शिसवी कपाट कुणाकडे आहे ते बघा आधी."

"ते कपाट माझ्या बोनसचं आहे!"

"यांना विचारा, बोनसच्या आधी त्यात वडिलांचे कोट कसे काय टांगलेले होते."

बेलीफानं हात वर केला. "माझ्या मार्फत भांडू नका. मला भत्ता मिळत नाही त्याचा. आता नियम ऐका. वॉरंट वडिलांवर, म्हणजे उचलायची ती वडिलांचीच वस्तू. कुठली वस्तू वडिलांची, हे वारसांनी सांगायचं. तीन वारस आहेत, त्यांतल्या दोघांचं एकमत झालं की वस्तू मयताची. नाही झालं तर वस्तू वादातली. वादातली वस्तू उचलायची नाही, असं आम्हाला वरून आहे. मागे एकदा वादातला सोफा उचलला, अजून कोर्टात खेपा घालतोय."

असं म्हणून तो आत गेला. मागून भाऊ, मागून पंच, मास्तर इस्त्रीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून. मधली शेवटी.

"कपाट," बेलीफ म्हणाला.

"माझं," थोरले म्हणाले.

"वडिलांचं," धाकटे म्हणाले.

"बाई, तुम्ही?"

कपाट वडिलांचं होतं. त्याच्या खालच्या कप्प्यात लपून मधलीनं लहानपणी अख्खी दुपार काढलेली होती. पण थोरल्या वहिनी दारात उभ्या होत्या, हाताची घडी घालून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मधली म्हणाली, "मला नाही आठवत."

"वादातलं," बेलीफानं लिहिलं.

धाकट्यांकडचा लिहायचा डेस्क. धाकटे म्हणाले माझा, थोरले म्हणाले वडिलांचा. मधलीला आठवेना. वादातला. थोरल्यांकडच्या चार खुर्च्या, धाकट्यांकडच्या दोन. खरं म्हणजे सहाचा एकच संच, पण दोघांनी आपापल्या खुर्च्या बाजारातून आणल्याची शपथ घेतली. बाजारात त्या वर्षी एकाच वळणाच्या खुर्च्यांचा सुळसुळाट झाला असावा. मधलीला आठवेना. वादातल्या. ट्रंक, आरसा, पितळी दिवा, पुस्तकांची मांडणी. वडिलांनी आयुष्य या घरात नुसतं उभं राहून काढलं असावं, असा पंचनामा तयार होत चालला होता.

"बाई, जरा आठवा हो," बेलीफ कंटाळून म्हणाला. "रिकामी गाडी परत नेली तर साहेब मला उभं आडवं घेतात."

"माझी स्मृती अधू आहे," मधली म्हणाली. धाकट्यांची बायको फसकन हसली आणि धाकट्यांनी बघितल्यावर खोकली.

घड्याळापाशी बेलीफ थोडा रेंगाळला. "हे?"

"मनाई हुकूम," दोघे भाऊ एका सुरात म्हणाले, आणि एका सुरात बोललो म्हणून दोघेही ओशाळले.

शेवटी सगळे पुढच्या खोलीत परत आले. बेलीफानं तक्ता पाहिला, पेटी पाहिली आणि यंत्रावर बोटानं टकटक केली. "हे कुणाचं?"

"माझं," मधली म्हणाली.

मधलीनं आधी दादाकडे पाहिलं. थोरल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा तिनंच, फुकटात करून दिलेला होता. मग तिनं धाकट्याकडे पाहिलं. तो तक्त्यावरची अक्षरं वाचत होता, सगळ्यांत खालच्या ओळीतली.

"मधले, तुला वाईट वाटेल," थोरले म्हणाले, "पण कोर्टात मी शपथेवर सांगितलंय. आता इथं वेगळं बोललो तर तिथला दावा पडतो. वडिलांचं."

"ताई, माझंही तेच आहे गं," धाकटे म्हणाले. "हा तत्त्वाचा प्रश्न आहे. वडिलांचं."

"दोघांचं एकमत," बेलीफ म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा निःश्वास होता. "काचा घासायचं यंत्र, नग एक."

मधलीचे हात ओले होते, ते तिनं पदराला पुसले आणि परत पुसले. इतकी वर्षं दोघांचं कशावर म्हणून जमलं नव्हतं, चहात साखर किती यावर नाही, वडिलांना कुठल्या खोलीत ठेवावं यावर नाही. आज जमलं होतं.

"धंद्याचं हत्यार जप्त करता येत नाही ना?" तिनं विचारलं. "मी ऐकलंय तसं."

"येत नाही. पण ज्याच्यावर वॉरंट, त्याच्या धंद्याचं. वडील हल्ली धंदा करतात का?"

"नाही."

"मग त्यांना हत्यार कशाला?"

इस्त्रीवाला जमिनीकडे बघत उभा राहिला. मास्तरांनी विचारलं, "माझी एक काच झाली होती ना हो? दुसरीचं काय?" पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

बेलीफ जरा पुढे झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, माझं ऐका. गाडीवर एकच धूड मावतं. तुम्हाला ते कपाट आत्ता आठवलं, तर एका बाजूला तुम्ही आणि धाकटे साहेब, झाले दोन. मी कपाट नेतो, यंत्र राहू दे."

हळू बोललेलं या घरात सगळ्यांना ऐकू येत असे. थोरल्यांच्या हातातला चष्मा थांबला. आतून वहिनींचा आवाज आला, "वन्सं, चहा टाकू का? आलं घालून?" अनेक वर्षांत त्यांना चहात आलं आठवलं नव्हतं.

मधलीनं विचार केला. कपाट गेलं तर यंत्र आजच्यापुरतं वाचत होतं. पण दावा चालूच होता. पुढच्या खेपेला बेलीफ येणार, नाहीतर निकाल लागणार, आणि यंत्राचे तीन तुकडे होणार. आज वाचलं काय आणि उद्या गेलं काय, ते तिचं कधीच होणार नव्हतं. वडिलांनी दिलेलं कुणी बघितलं नव्हतं.

"नेल्यावर काय करता त्याचं?" तिनं विचारलं.

"गोदामात ठेवतो. मग लिलाव."

"लिलावात कुणीही बोली लावू शकतं?"

"आगाऊ अनामत भरली की कुणीही. वारसांनाही बंदी नाही."

"आणि ज्यानं घेतलं त्याच्यावर नंतर कुणी हक्क सांगितला तर? समजा, भाऊबंदांनी?"

"पावती नगरपालिकेची असते, बाई. एकदा हातोडी पडली की जुने सगळे हक्क संपले. माल घेणाऱ्याचा. यंत्रावर मनाई हुकूम नाही ना?"

"तो घड्याळावर आहे."

"मग झालं तर."

मधलीनं हात पुसायचे थांबवले. "बरोबर आहे दादाचं," ती म्हणाली. "यंत्र वडिलांचंच आहे. तिघांचं एकमत लिहा. घेऊन जा."

थोरले विमा कंपनीत दावे नाकारण्याच्या खात्यात होते, आणि माणूस हसतमुखानं नुकसान मान्य करायला लागला की काहीतरी पाणी मुरतंय, हे त्यांना नोकरीनं शिकवलं होतं.

"मधले, तू हो का म्हणतेस?"

"तूच म्हणालास ना?"

"मी म्हणालो ते वेगळं. तू का म्हणतेस?"

धाकट्यांच्या डोक्यात त्याआधीच उजेड पडला होता. "थांबा," ते बेलीफाला म्हणाले. "माझं चुकलं. यंत्र ताईचंच आहे. वडिलांनी तिला दिलं होतं. लिहा."

"हा तिचं म्हणतो?" थोरले उसळले. "मग नक्की वडिलांचंच. खोडू नका!"

"अहो, यांना समजावा, लिलावात गेलं तर आपल्या दोघांच्या हातातून जाईल!"

थोरल्यांना ते समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते म्हणाले, "हां. मग तिचंच. माझंही तिचंच."

"हेही तिचं म्हणतात?" धाकट्यांनी डोळे बारीक केले. दादा आपल्या म्हणण्याला इतक्या पटकन हो म्हणतो म्हणजे आपल्याला न दिसलेलं काहीतरी त्याला दिसलं असणार. "मग एक मिनिट. मला विचार करू द्या. तूर्त वडिलांचं धरा."

"हा धरतो, मग मी नाही धरत!"

"साहेब," बेलीफानं पेन वर धरून विचारलं, "आत्ता या क्षणाला कोण काय म्हणतंय?"

"वडिलांचं," मधली म्हणाली. "मी पहिल्यापासून एकच म्हणतेय."

हे काही खरं नव्हतं, पण पंचनाम्यात ते बसलं. भाऊ एकमेकांच्या उलट बोलत राहिले तेवढा वेळ कुठला ना कुठला एक भाऊ मधलीच्या बाजूला पडत होता, आणि एक अधिक एक दोनच होत होते. एकदा थोरले, एकदा धाकटे, परत थोरले. दोघे मिळून क्षणभर जरी 'तिचं'वर टिकले असते तर यंत्र खोलीत राहिलं असतं. पण त्यासाठी एकमेकांशी थेट बोलावं लागलं असतं. बेलीफानं, वादळात जहाज हाकणाऱ्याच्या चेहऱ्यानं, नेमका क्षण पकडला आणि खाली रेघ ओढली. इस्त्रीवाल्यानं सही केली. मास्तरांनी बेलीफानं बोट ठेवलं त्या जागी सही केली, ती त्याच्या बोटावरून गेली.

हमालांनी यंत्र उचललं तेव्हा पन्हाळीतलं पाणी मधलीच्या चपलांवर सांडलं. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत येऊन तिनं मास्तरांची दुसरी काच साध्या दगडावर, हातानं घासायला घेतली.

लिलावाला तीन आठवडे होते. तेवढ्या दिवसांत तिला कळलं, की हातानं घासलेली काच फ्रेममध्ये बसते, पण बोटांची सालं काढून. आठवड्याला जेमतेम दोन-तीन चष्मे होत होते. गिऱ्हाइकं यायची, खिडकीजवळची रिकामी जागा बघायची आणि 'सावकाश होऊ द्या' म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात जायची. रोज ती गोदामापर्यंत चक्कर मारून यायची. पत्र्याच्या छपराखाली, जप्त केलेल्या सायकली आणि एका दवाखान्याच्या कललेल्या पलंगाच्या मध्ये यंत्र उभं होतं. घासचाकाला गंज धरला होता. "हात लावायचा नाही," पहारेकरी म्हणायचा. तिनं तेलाची बाटली दिली आणि तूच लाव म्हणाली. त्यानं ती स्वतःच्या सायकलच्या साखळीला लावली.

लिलावाच्या सकाळी तिनं बँकेतून होतं नव्हतं ते काढून आणलं आणि अनामत भरली. बँकेतल्या पासबुकात उरलं ते खातं चालू ठेवण्यापुरतं. बोली तेवढ्याच्या वर गेली तर यंत्र गेलं, आणि यंत्र गेलं तर दुकान गेलं. इतका सरळ हिशोब तिनं आयुष्यात पहिल्यांदा केला होता.

थोरले आले होते आणि डाव्या खांबाशी उभे होते. धाकटे आले होते आणि उजव्या खांबाशी. दोघांनीही अनामत भरलेली होती. ते बघून मधलीनं जवळचे पैसे परत एकदा मोजले. बाकी भंगारवाले, दोन-चार रिकामटेकडे आणि मोठ्या रस्त्यावरच्या चकचकीत दुकानाचा मालक. त्यानं यंत्राभोवती एक फेरी मारली, "आमच्याकडे हे काम आता बटण दाबून होतं," असं म्हणाला आणि निघून गेला. भंगारवाल्यानं मात्र यंत्राला खालून उचलून पाहिलं. काच त्याला दिसत नव्हती, त्याला किलो दिसत होते.

"काचा घासण्याचं यंत्र, चालू की बंद माहीत नाही, आहे त्या स्थितीत," लिलाववाला म्हणाला आणि सरकारी बोली सांगितली.

मधलीनं हात वर केला. भंगारवाल्यानं वर केला. मधलीनं परत केला. भंगारवाल्यानं ओठ हलवून लोखंडाचा भाव मनातल्या मनात गुणला, आणखी एकदा हात वर केला. मधलीनं केला. भंगारवाल्यानं मान हलवली आणि सायकलींकडे वळला. आता यापुढे एक बोली जरी आली तरी तिच्याकडे पैसे नव्हते.

"एक वार," लिलाववाला म्हणाला.

थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकटे बोली लावणार असतील तरच थोरले लावणार होते. स्वतःहून सुरुवात करून भाव चढवायला ते काही दूधखुळे नव्हते. धाकट्यांनी थोरल्यांकडे पाहिलं. धाकट्यांनी अर्थशास्त्र शिकवण्यात हयात घालवली होती आणि समोरचा काय करतो ते पाहून मग आपण करावं, हे त्यांना इतरांपेक्षा अधिक पटलेलं होतं. थोरल्यांचा हात खिशाबाहेर आला. धाकट्यांचा लगेच आला. थोरल्यांनी नाक खाजवलं. धाकट्यांनी कॉलर सारखी केली.

"दोन वार."

दोन खांबांच्या मधल्या जागेत मधली उभी होती आणि दोघेही तिच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघत होते. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. ती लहानपणापासून तिथंच उभी होती.

"यांना विचारा, घेणार आहेत का?" धाकटे एका रिकामटेकड्याला म्हणाले.

"आधी यांना विचारा!" थोरले ओरडले.

"तीन वार," लिलाववाला म्हणाला आणि टेबलावर हातोडी आपटली.

पावतीवर मधलीचं नाव लिहायचं म्हणून कारकुनानं तिला पूर्ण नाव विचारलं, आणि एक क्षण तिला ते आठवेना. मग तिनं सांगितलं. पावतीची घडी करून ती मुठीत धरून उभी राहिली. पुढे जाऊन यंत्राच्या चाकावरून तिनं हात फिरवला, गंज बोटांना लागला, आणि तिनं तो पुसला नाही. हमाल तेच होते, हातगाडीही तीच. यंत्र गाडीवर चढवताना तिनं खालून टेकू दिला, आणि दोन्ही भाऊ, सवयीनं, पुढे झाले आणि एकमेकांना बघून मागे झाले.

"चल, एक बरं झालं," थोरले हवेत बघून म्हणाले. "घरपट्टी तरी फिटली."

"कुणाच्या पैशानं फिटली ते यांना विचारा," धाकटे म्हणाले. "आणि उद्या ताईनं म्हटलं, घरपट्टी मी भरली, घर माझं, तर?"

दोघांचे चेहरे एकाच वेळी पडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते एकमेकांकडे सरळ चार पावलं चालत आले. वकिलाला भेटावं लागेल, असं थोरले म्हणाले. एकाच वकिलाला भेटू, खर्च कमी येईल, असं धाकटे म्हणाले. मधली गाडीच्या दांड्यावर हात ठेवून ऐकत होती.

बेलीफ फाईल घेऊन आला. त्यानं हिशोबाचा कागद तिघांना दाखवला, कारण तिघांनी सही करायची होती. लिलावात आलेल्या रकमेतून हातगाडीचं भाडं, हमालांची मजुरी, पंचांचा भत्ता, तीन आठवड्यांचं गोदामभाडं आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचा खर्च वजा केल्यावर घरपट्टीत जमा करायला काहीच उरलं नाही; थोडे कमीच पडले, ते वडिलांच्या थकबाकीत मिळवले होते.